कादंबरी धर्माबद्दल नेमकं काय विचारते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वेगवेगळ्या संस्कृतींतल्या कादंबऱ्या माणसाची धार्मिक ओळख कशी उभी करतात, त्यांची तुलना कोणत्या पायावर करायची, आणि एखादी कादंबरी वाचून त्या धर्माविषयी खरोखर काही कळतं का? विचारणाऱ्या विद्यार्थिनीने नायजेरियाचे चिनुआ अचेबे, जपानचे शुसाकु एन्दो, इजिप्तचे नगीब महफूझ आणि कन्नडमधले यू. आर. अनंतमूर्ती अशी चार कादंबरीकारांची नावं दिली आहेत आणि या सगळ्यांतून एक समान धागा काढायचा आहे, असं म्हटलं आहे. मी बरीच वर्षं तौलनिक साहित्य शिकवते आहे आणि हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी समान धाग्याबद्दल. तो शोधायला निघालं की हाताशी एक तयार चौकट येते: श्रद्धा विरुद्ध संशय. मग नायक कुठल्याही देशातला असो, तो कधी डळमळला, त्याचा विश्वास कुठे तुटला, हेच शोधलं जातं. ही चौकट युरोपातल्या, विशेषतः एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांना चांगली बसते, कारण त्यांचा कळीचा प्रश्न बहुतेक वेळा 'मी हे खरोखर मानतो का?' असाच असतो. पण जगातल्या कितीतरी कादंबऱ्या दुसराच प्रश्न विचारतात: 'मी कुणाचा?' माझ्या हातचं पाणी कोण पिणार, माझं प्रेत कोण उचलणार, सणाला माझ्या घरी कोण येणार. त्या माणसाच्या मनात देवाविषयी काय चाललंय याची चौकशी तिथे कुणी फारशी करत नाही. हे दोन प्रश्न वेगळे ओळखता आले की तुलनेला पाया मिळतो. उलट सगळ्यांना पहिलाच प्रश्न लावला तर निम्म्या कादंबऱ्या वाचण्याआधीच हातातून निसटतात.

हे नुसतं तत्त्व म्हणून पटणार नाही, म्हणून दोन प्रेतं शेजारी ठेवून बघू.

दोस्तोएव्हस्कीच्या 'द ब्रदर्स कारामाझोव्ह'मध्ये (१८८०) मठातले वृद्ध साधू झोसिमा मरतात. सगळ्या गावाची खात्री असते की इतक्या पवित्र माणसाचा देह कुजणार नाही, उलट काहीतरी चमत्कार घडेल. लोक आजारी मुलांना घेऊन येतात. आणि प्रेताला वास येऊ लागतो, तोही नेहमीपेक्षा लवकर. आधी कुणी बोलत नाही, मग कुजबुज, मग उघड समाधान. काही भिक्षूंना तर मनातून आनंदच होतो. तरुण अल्योशा, ज्याचं झोसिमांवर अपार प्रेम होतं, तो आतून हादरतो. चमत्कार झाला नाही याचं त्याला तितकंसं दुःख नाही. इतक्या न्यायी माणसाची अशी विटंबना देवाने होऊ कशी दिली, हा त्याचा प्रश्न आहे. त्या एका रात्रीत तो घसरतो, सावरतो आणि पहाटेच्या आधी जमिनीवर कोसळून मातीचं चुंबन घेतो. प्रेताचा वास हा इथे एकट्या अल्योशाच्या अंतःकरणाची परीक्षा होतो.

आता अनंतमूर्तींची 'संस्कार' (१९६५). दुर्वासपूर नावाच्या माध्व ब्राह्मणांच्या अग्रहारात, म्हणजे फक्त ब्राह्मणांच्या वस्तीत, नारणप्पा तापाने मरतो. याने आयुष्यभर अग्रहाराला डिवचलेलं: मांस खाल्लं, दारू प्यायली, चंद्री नावाच्या बाईला लग्नाशिवाय घरात ठेवलं, देवळाच्या तळ्यातले मासे पकडले. मूलबाळ नाही. अग्नी कोण देणार? आणि प्रेत उचललं जात नाही तोवर अग्रहारात कुणाला अन्नाचा घास घेता येत नाही. घराघरांत भूक, बाहेर कुजत चाललेलं प्रेत, मरून पडणारे उंदीर, छपरांवर उतरणारी गिधाडं. चंद्री अंत्यविधीच्या खर्चासाठी अंगावरचं सोनं काढून अग्रहाराचे गुरू प्राणेशाचार्य यांच्यापुढे ठेवते, आणि इतका वेळ अंग काढून घेणाऱ्यांच्या मनात तो विधी करायची इच्छा एकाएकी जागी होते. वासाने इथे कुणाची श्रद्धा हलत नाही. प्रश्न एवढाच, की हा मेलेला माणूस आमचा की नाही?

या कादंबरीतल्या एका तपशिलापाशी मी वर्गाला नेहमी थांबवते. नारणप्पाला हयातीत वाळीत का टाकलं नाही? कारण त्याने धमकीच दिली होती, बहिष्कार घालाल तर मुसलमान होईन आणि इथेच राहीन. तसं झालं असतं तर अख्खा अग्रहार बाटला असता. म्हणून तो मरेपर्यंत ब्राह्मण राहिला. त्याचं ब्राह्मणपण त्याच्या श्रद्धेवर उभं नव्हतं, आचारावर तर नव्हतंच. शेजाऱ्यांच्या धास्तीवर ते टिकलं होतं. धार्मिक ओळख कशाकशावर टिकू शकते याचं इतकं नेमकं चित्र मला दुसरीकडे क्वचितच दिसलं आहे. पुढे चंद्री एका मुसलमान माणसाच्या मदतीने रात्रीतून प्रेत जाळून टाकते आणि निघून जाते. अग्रहाराला याचा पत्ताच नसतो. ब्राह्मण तोडगा विचारत एका गावाहून दुसऱ्या गावाला, मठाकडे फिरत राहतात. उत्तर मिळून गेलेल्या प्रश्नाचं ओझं ते वाहत असतात, आणि त्यांचे गुरू प्राणेशाचार्य, ज्यांनी सगळे ग्रंथ चाळूनही उत्तर मिळालं नाही, ते स्वतः चंद्रीच्या मिठीत जाऊन आता 'मी कोण' या प्रश्नापाशी येऊन पोचलेले असतात. म्हणजे पहिला प्रश्नही या कादंबरीत आहेच, पण तो दुसऱ्याच्या पोटातून येतो. आचार्य आधी समाजातून निसटतात आणि मग त्यांना अंतर्मन सापडतं. अल्योशाचा प्रवास अंतर्मनापासून सुरू होतो. हा क्रमाचा फरक तुमच्या प्रबंधात आला तर मला फार आनंद होईल.

रवींद्रनाथांची 'गोरा' (पुस्तकरूपात १९१०) याच दुसऱ्या प्रश्नाला उलटं करून तपासते. गोरा इतका कडक आचारनिष्ठ, की आईच्या खोलीत ख्रिस्ती दासीचा वावर असतो म्हणून तो तिथे जेवत नाही. आणि शेवटी कळतं की तो १८५७ च्या धामधुमीत याच आईच्या, आनंदमयीच्या, पदरात आलेला आयरिश बाईचा मुलगा आहे. ज्या नियमांसाठी त्याने आईच्या हातचं नाकारलं, त्याच नियमांनी तो स्वतः बाहेरचा ठरतो. त्या क्षणी त्याला वाटते ती सुटका. 'गोरा'वर लिहिणारे बहुतेक जण राष्ट्रवादावर लिहितात, ते योग्यच आहे, पण मला त्यातला तो ताटाचा आणि पाण्याचा हिशेब जास्त बोलका वाटतो.

आफ्रिकेकडे वळताना अचेबेंची 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) सगळेच वाचतात. धर्मांतराचं तिच्यातलं चित्रण खरोखर शिकण्यासारखं आहे. नायक ओकोंक्वोचा मुलगा न्वोये ख्रिस्ती होतो तो मिशनऱ्यांचा युक्तिवाद पटला म्हणून नव्हे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघं मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत त्याला कळतही नाही. रानात टाकून दिलेल्या जुळ्या बाळांचं रडणं त्याने ऐकलेलं असतं. भावासारखा वाढलेला इकेमेफुना बापाच्या हातून मारला गेलेला असतो. या दोन जखमांना जुन्या धर्मात कुठे जागा नव्हती आणि नव्या धर्माच्या एका गाण्यात ती मिळाली. अचेबेंचे आईवडील स्वतः ख्रिस्ती होते, वडील धर्मप्रचारकाचं काम करत. तरीही ते न्वोयेच्या बाजूने विजयगीत गात नाहीत आणि ओकोंक्वोलाही निव्वळ क्रूर ठरवत नाहीत.

पण तुमच्या विषयासाठी मी त्यांची 'ॲरो ऑफ गॉड' (१९६४) जास्त महत्त्वाची मानते, आणि ती कमी वाचली जाते याची खंत वाटते. उमुआरोच्या सहा गावांचा देव उलू, आणि त्याचा पुजारी एझेउलू. दर अमावस्येनंतर चंद्रकोर दिसली की पुजाऱ्याने पवित्र यामपैकी एक कंद खायचा आणि त्या मोजणीवरून नव्या यामचा सण जाहीर करायचा. सण जाहीर झाल्याशिवाय कुणी शेतातलं पीक काढायचं नाही. म्हणजे पुजारी हाच गावाचं पंचांग. इंग्रज अधिकारी त्याला सरकारी मुखिया करू बघतात, तो नकार देतो, त्याला अडकवून ठेवतात. या काळात चंद्र उगवत राहतो आणि कंद खायचे राहून जातात. सुटून आल्यावर एझेउलू म्हणतो, मोजणी पुरी झाल्याशिवाय सण जाहीर करणार नाही. पीक जमिनीत सडू लागतं. गावचे म्हातारे येऊन विनवतात, राहिलेले कंद तू खाऊन टाक, पाप आम्ही आमच्या माथ्यावर घेतो. तो ऐकत नाही. यात देवाची इच्छा किती आणि गावावरचा राग किती, हे त्याचं त्यालाही नीट सांगता येणार नाही. तेवढ्यात चर्चकडून निरोप फिरतो: आमच्या देवाला कंद वाहा आणि निर्धास्त पीक काढा, उलू तुमचं काही वाकडं करणार नाही. लोक जातात. कुणाचं मतपरिवर्तन झालेलं नसतं, कुणी नवा धर्मग्रंथ वाचलेला नसतो. भूक लागलेली असते आणि एका देवाचं पंचांग बंद पडलेलं असतं.

एका समाजाची धार्मिक ओळख अशी बदलते हे मला इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा या कादंबरीने अधिक नीट दाखवलं. त्यात एक छोटा प्रसंग आहे. एझेउलूने गोऱ्यांची विद्या शिकायला म्हणून आपल्या ओडुचे नावाच्या मुलाला चर्चकडे पाठवलेलं असतं. तिथे शिकवतात की तुमचा पवित्र अजगर हा देव वगैरे नाही, त्याला मारा. ओडुचेला मारायचं धाडस होत नाही आणि गुरुजींचा शब्दही मोडवत नाही. तो अजगराला आपल्या लाकडी पेटीत कोंडतो, म्हणजे तो आपोआप मरेल आणि मारल्याचं पाप लागणार नाही. पुजाऱ्याच्या अंगणात ती पेटी आतून धडपडू लागते आणि घरातली माणसं घाबरून बघत राहतात. दोन धर्मांच्या मध्ये सापडलेला मुलगा म्हणजे काय, हे सांगायला अचेबेंना एकही भाषण लागलेलं नाही.

अचेबेंनंतरच्या पिढीतल्या चिमामांडा न्गोझी अदिची यांच्या 'पर्पल हिबिस्कस'मध्ये (२००३) हाच वारसा घराच्या आत आलेला दिसतो. यूजीन हा कडवा कॅथलिक, गावात दानशूर, घरात मारझोड करणारा. स्वतःच्या बापाने जुना धर्म सोडला नाही म्हणून त्याला घरात पाऊल ठेवू देत नाही. त्याची मुलगी कांबिली हिला आजोबांच्या जवळ बसणंही पाप वाटायला शिकवलेलं असतं. एका पहाटे आत्या तिला उठवून आजोबांची प्रार्थना लपून बघायला पाठवते. म्हातारा जमिनीवर खडूच्या रेघा ओढतो, दिवस उजाडल्याबद्दल आभार मानतो, आपण कुणाचं वाईट केलं नाही हे देवाला सांगतो, मुलांसाठी मागणं मागतो, त्याला झिडकारणाऱ्या यूजीनसाठीसुद्धा. प्रार्थना संपल्यावर तो हसत असतो. कांबिलीच्या मनात येतं की आमच्या घरी जपमाळेनंतर कधीच कुणी हसलेलं नाही. दोन धर्मांची तुलना एवढ्यावर झाली. लेखिका कॅथलिक धर्माला खलनायक करत नाही, कारण त्याच कादंबरीत आत्याही कॅथलिक आहे आणि तिच्या घरी प्रार्थनेत गाणी आहेत, हसू आहे. धर्मावर लिहिणाऱ्या कादंबरीची माझी एक कसोटी हीच आहे: एकाच धर्माची किमान दोन माणसं तिच्यात वेगवेगळ्या तऱ्हेने धार्मिक आहेत का? नसतील, तर तिथे माणसं कमी आणि नमुने जास्त आहेत असं समजावं.

एन्दोंच्या 'सायलेन्स'मध्ये (१९६६) दोन्ही प्रश्न समोरासमोर उभे राहतात, म्हणून ती तुमच्या यादीत असणं चांगलं आहे. सतराव्या शतकातला जपान, ख्रिस्ती धर्मावर बंदी. संशयितांना येशूची किंवा मेरीची प्रतिमा जमिनीवर ठेवून तिच्यावर पाय द्यायला लावतात. जेझुइट या कॅथलिक संघाचा पोर्तुगीज पाद्री रोद्रिगेस हुतात्मा व्हायच्या तयारीने आलेला असतो. 'मी मानतो का' या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे पक्कं आहे. कोठडीत रात्री त्याला बाहेरून घोरण्याचा आवाज येतो आणि पहारेकऱ्याचा राग येतो. मग त्याला सांगितलं जातं की ते घोरणं नाही, खड्ड्यात उलटे टांगलेल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांचं कण्हणं आहे. त्यांनी कधीच धर्म सोडलेला आहे, पण तू प्रतिमेवर पाय ठेवेपर्यंत त्यांना सोडणार नाही. आता श्रद्धेचा प्रश्न एकट्याचा उरत नाही. तो पाय ठेवतो. पुढे त्याला जपानी नाव मिळतं, आणि कादंबरीचा शेवट कुणाच्या मनोगताने होत नाही, तर त्याला ठेवलेल्या वाड्यावरच्या अधिकाऱ्याच्या कोरड्या दफ्तरी नोंदींनी होतो. त्या नोंदींत तो माणूस जवळजवळ दिसेनासा होतो. त्याच्या मनात काय उरलं, हे सरकारी वहीतून कसं कळणार? घाईत वाचणारे ही शेवटची पानं चाळून पुढे जातात, तुम्ही तसं करू नका. एन्दोंना लहानपणीच आईच्या मागोमाग बाप्तिस्मा मिळालेला होता, आणि हा धर्म आपल्याला अंगाला न बसणाऱ्या परदेशी कपड्यासारखा वाटत आला, असं ते सांगत. त्यामुळे 'सायलेन्स' ही धर्म सोडल्याची कथा म्हणून वाचणं मला तोकडं वाटतं. बाहेरून आलेला धर्म आपल्या अंगावर बसतो तेव्हा तो आणि आपण दोघंही किती बदललेले असतो, ते तिच्यात आहे.

महफूझ मात्र तुम्हाला वेगळ्या गतीने वाचावे लागतील. १९५६ आणि १९५७ मध्ये आलेल्या त्यांच्या कैरोच्या तीन कादंबऱ्यांत धर्म हा संकटाच्या क्षणी उजेडात येणारा विषय नाहीच. तो घरातल्या हवेत आहे: नमाजाच्या वेळा, बोलण्यात सहज येणारी कुराणातली वाक्यं, भुताखेतांची भीती घालवायला पुटपुटलेली आयत. घरचा कर्ता अहमद अब्दुल जवाद घरात करडा आणि नेमाने नमाज पढणारा, रात्री मित्रांच्या बैठकीत दारू आणि गाणं यांत रमणारा. त्याला यात दुटप्पीपणा वाटत नाही आणि महफूझही तसा शिक्का मारत नाहीत. त्याची बायको अमीना नवऱ्याच्या परवानगीशिवाय घराबाहेर पडत नाही. नवरा गावाला गेलेला असताना मुलांच्या आग्रहाने ती जवळच्याच हुसैनच्या मशिदीत जाते, ज्या मशिदीचे मिनार ती वर्षानुवर्षं गच्चीवरून बघत आली आहे. तिथे पोचल्यावरचा तिचा आनंद वाचताना अंगावर काटा येतो. परतीच्या वाटेवर मोटारीची धडक बसून तिचं हाड मोडतं, आणि बरी झाल्यावर नवरा तिला माहेरी हाकलतो. भक्ती तिची खरी, आणि तिला शिक्षा देणारा नवराही तितकाच भाविक. मग धाकटा कमाल मोठा होतो, डार्विनवर लेख लिहितो, बाप तो वाचून हादरतो. आणि तिसऱ्या भागात एक नातू मुस्लिम ब्रदरहूड या धर्मवादी संघटनेत, दुसरा कम्युनिस्ट, आणि दोघांना एकाच वेळी अटक. एका घराच्या तीन पिढ्यांत धर्म सवय होता, मग शंका झाला, मग पक्ष झाला. हे शेकडो पानांत, हळूहळू घडतं, म्हणून एखादा उतारा काढून त्यावर निबंध लिहिला तर हाती काहीच लागत नाही.

ओळख बाहेरून चिकटवली जाते तेव्हा काय होतं, हा वेगळाच भाग आहे, आणि फाळणीच्या कादंबऱ्यांइतका तो कुणी खोलात नेलेला नाही. राही मासूम रझांची 'आधा गाँव' (१९६६) गाझीपूरजवळच्या गंगौली या त्यांच्या स्वतःच्याच गावची. शिया मुसलमानांचं गाव, आणि तिथली खरी भांडणं कुणाचा ताजिया मोठा, कुणाची मजलिस (मोहरमची शोकसभा) जास्त रंगली, कोण अस्सल सय्यद, कुणाच्या रक्तात भेसळ. अलीगढहून शिकलेली मुलं पाकिस्तानचा प्रचार करायला येतात तेव्हा गावकऱ्यांना त्यांचं बोलणंच उमगत नाही. 'मुसलमान' ही इतकी मोठी, सपाट ओळख त्यांच्या रोजच्या जगण्यात नव्हतीच. रझांनी भूमिका पुस्तकाच्या सुरुवातीला न लिहिता कादंबरीच्या मध्येच घातली आहे आणि तिच्यात आपण या मातीचे आहोत हे छातीठोकपणे सांगितलं आहे. मराठीत हमीद दलवाईंची 'इंधन' (१९६५) याच्या शेजारी ठेवावी. कोकणातल्या गावात बऱ्याच काळाने परतलेला मुसलमान निवेदक, जुने शेजारसंबंध, आणि ते पेट घेत जाणं. दलवाई आपल्याकडे समाजसुधारक म्हणूनच आठवले जातात आणि हा कादंबरीकार मागे पडतो. असं व्हायला नको होतं.

स्थलांतरितांच्या कादंबऱ्यांत हेच नव्या वेशात येतं. मोहसिन हमीद यांच्या 'द रिलक्टंट फंडामेंटलिस्ट'मधला (२००७) चंगेझ धर्माबद्दल जवळपास बोलतच नाही. तो दाढी वाढवतो आणि न्यूयॉर्कमधल्या सहकाऱ्यांच्या नजरा बदलतात. आपण वाचक त्याच्या दाढीत काय शोधतो, हीच त्या कादंबरीची परीक्षा आहे. लैला अबूलेला यांच्या 'मिनारेट'मध्ये (२००५) याच्या उलट. सुदानमधल्या खार्तूमच्या श्रीमंत, धर्माची फारशी फिकीर नसलेल्या घरात वाढलेली नजवा सत्तापालटात सगळं गमावून लंडनला येते, मोलकरीण होते, आणि मशिदीतल्या बायकांच्या सोबतीत तिला घर सापडतं. डोक्यावरचा रुमाल तिला आधार वाटतो. धर्माकडे जाणारी स्त्री म्हणजे दबलेली स्त्री, असं गृहीत धरून ही कादंबरी वाचणाऱ्यांना ती आवडत नाही. मला ती धाडसी वाटते.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे: कादंबरी वाचून धर्म कळतो का? ऑर्हान पामुक यांच्या 'स्नो'मध्ये (२००२) कार्स या तुर्कस्तानच्या सीमेवरच्या गावातला एक तरुण शेवटी निवेदकाला बजावतो की तुझ्या पुस्तकात मी आलो तर वाचकांना सांग, तू आमच्याबद्दल जे लिहिशील त्यावर त्यांनी विश्वास ठेवू नये, कारण इतक्या दुरून आम्ही कुणाला कळणार नाही. लेखकाने स्वतःच्याच पुस्तकाविरुद्धची ही तक्रार पुस्तकात छापली आहे. ती मी गंभीरपणे घेते. कादंबरी एका समाजाची साक्ष म्हणून उभी केली की ती वाकते. मराठीतली पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) बघा. ख्रिस्ती झालेल्या लेखकाने हिंदू विधवांची दुःखं लिहिली, आणि ती लिहिताना त्याच्या मनात कळवळा होता यात शंका नाही. पण कथेची वाट ख्रिस्ती धर्माच्या स्वीकाराकडे आधीच आखलेली आहे. त्यामुळे विधवांच्या कहाण्या जिवंत वाटतात आणि धर्मचर्चेची पानं मात्र पाठ केल्यासारखी. एकाच पुस्तकात हा फरक बोटाने दाखवता येतो, म्हणून शिकवायला ती फार उपयोगी आहे.

साक्ष म्हणून वाचण्याची किंमत लेखकांनीही मोजली आहे. महफूझ यांची पैगंबरांच्या कथांवर रूपकाने बेतलेली कादंबरी १९५९ मध्ये 'अल-अहराम' या दैनिकात क्रमशः आली, इजिप्तमध्ये पुस्तक म्हणून निघायला २००६ साल उजाडलं, आणि मधे १९९४ मध्ये त्यांच्यावर चाकूहल्ला झाला. त्यानंतर त्यांचा लिहिता हात जवळजवळ निकामी झाला. तमिळमध्ये पेरुमाळ मुरुगन यांच्या 'मादोरुबागन'वर (२०१०) वादळ उठलं, कारण तिरुचेंगोडच्या अर्धनारीश्वराच्या यात्रेतली, निपुत्रिक स्त्रियांसाठीची एक जुनी प्रथा तिच्यात होती. ही आमच्या समाजाची बदनामी, असं म्हटलं गेलं. २०१५ च्या जानेवारीत मुरुगन यांनी आपल्यातला लेखक मेला असं जाहीर केलं. २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ते पुन्हा लिहू लागले. ती कादंबरी प्रत्यक्षात काली आणि पोन्ना या एकमेकांवर जीव टाकणाऱ्या, मूल नसल्याने टोमणे सोसणाऱ्या जोडप्याची आहे. तिच्यातला समाज वाईट नाही, तो फक्त सतत विचारतो. ज्यांनी तिच्या प्रती जाळल्या त्यांनी पोन्नाचं दुःख वाचलं असतं तर, असं मला आजही वाटतं.

म्हणून माझं उत्तर असं: कादंबरीतून धर्माचे सिद्धांत शिकायला जाऊ नका, पण त्या धर्मात राहणं कसं वाटतं हे शिकायला जरूर जा. वाचताना मी स्वतः काही गोष्टींवर बोट ठेवून वाचते. पात्र प्रार्थना करतं तेव्हा निवेदक कुठे उभा आहे, खोलीत, दाराआड की खिडकीबाहेर? कांबिली लपून बघते, आणि तेच त्या प्रसंगाचं मर्म आहे. काळ कशाने मोजला जातो, तारखेने की सणाने? जेम्स बाल्डविन यांची 'गो टेल इट ऑन द माउंटन' (१९५३) न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या एका मुलाच्या चौदाव्या वाढदिवसाच्या दिवसाभोवती फिरते, आणि तिचा मधला सगळा भाग तीन मोठ्या माणसांच्या प्रार्थनांचा आहे. एकेक प्रार्थना म्हणजे एकेक आयुष्य. बाल्डविन पोरवयात स्वतः प्रवचनं करत, आणि त्या प्रवचनांची लय त्यांच्या वाक्यांत शेवटपर्यंत राहिली. धर्म विषयात नसून बांधणीत असतो तेव्हा तो असा शोधावा लागतो. आणि सर्वांत आधी, त्या धार्मिक पात्राला धर्माखेरीज काही पडलेलं आहे का? एझेउलूला मुलांची चिंता आहे, प्रतिस्पर्ध्याचा हेवा आहे, म्हातारपणाची भीती आहे. तेवढ्यामुळेच तो पुजारी म्हणून खरा वाटतो.

तुमच्या प्रबंधासाठी सूचना: चारही लेखकांना एका सूत्रात ओवणारं प्रकरण वगळा. 'संस्कार' आणि 'ॲरो ऑफ गॉड' ही जोडी घ्या. दोन्हीकडे धर्माचा जाणकार माणूस, दोन्हीकडे त्याच्या निर्णयासाठी खोळंबलेलं उपाशी गाव, आणि दोन्हीकडे प्रश्न सुटतो तो त्याला वगळूनच. एकीकडे प्राणेशाचार्यांना उत्तर सापडत नाही, दुसरीकडे एझेउलूकडे उत्तर आहे पण ते द्यायला तो तयार नाही. एकाच दशकात, एकमेकांपासून इतक्या लांब, हे दोघे लेखक याच पेचापाशी कसे आले असतील, याचा शोध घ्या. दुसरी जोडी 'सायलेन्स' आणि 'द ब्रदर्स कारामाझोव्ह' यांची करता येईल. महफूझ यांच्यासाठी मात्र स्वतंत्र प्रकरण ठेवा आणि तिन्ही भाग वाचल्याशिवाय ते लिहायला घेऊ नका. भाषांतरं वापरत असाल तर शक्य तिथे दोन भाषांतरं शेजारी ठेवा, विशेषतः प्रार्थनांच्या जागी, कारण भाषांतरकार सगळ्यांत जास्त तिथेच अडखळतात आणि सगळ्यांत जास्त तिथेच स्वतःचं घालतात.